पोटात फिरणाऱ्या यंत्राला बाहेरून वीज कशी पोचते, टेबलावर करून बघा

शरीरात फिरणारे छोटे रोबो म्हटलं की सगळे रोबोबद्दलच बोलतात, पण खरी अडचण बॅटरीची असते. गिळायची कॅमेरा कॅप्सूल साधारण २६ बाय ११ मिलिमीटरची, आणि त्यातली बरीच जागा बटन सेलच खातात. मग सेल काढून बाहेरून वीज दिली तर? हे घरी करून बघता येतं.

सामान: वाइंडिंगची तांब्याची तार, २एन२२२२ ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टर, दीड व्होल्टचा सेल, लाल एलईडी.

एखाद्या डब्यावर १५ वेढे मारा, तार न तोडता एक लूप बाहेर काढा आणि त्याच दिशेने अजून १५ मारा. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: कलेक्टर, बेस आणि एमिटर. लूप सेलच्या प्लसला, एक टोक कलेक्टरला, दुसरं रेझिस्टरमधून बेसला, एमिटर सेलच्या मायनसला. दुसरी कॉइल ३० वेढ्यांची, तिच्या दोन टोकांना फक्त एलईडी, बास. ती पहिलीवर धरली की एलईडी पेटतो: ट्रान्झिस्टर पहिलीतला करंट भराभर चालू-बंद करतो, आणि त्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून दुसरीत वीज येते. नाही पेटला तर तारेच्या टोकांवरचं लॅकर (वीज अडवणारा पातळ थर) नीट खरवडलंय का ते आधी बघा, दहातल्या नऊ वेळा घोळ तिथेच असतो (माझा तर संध्याकाळभर तिथेच होता).

आता एलईडीवाली कॉइल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मिठाच्या पाण्याच्या ग्लासात सोडा आणि ग्लास पहिल्या कॉइलवर ठेवा. शरीर म्हणजे बरंचसं खारं पाणीच, तरी एलईडी पेटलेला राहतो कारण या फ्रीक्वेन्सीचं (म्हणजे सेकंदाला इतक्या वेळा बदलणारं) चुंबकीय क्षेत्र त्यातून आरामात जातं. मग कॉइल हळूहळू उभी करा. प्रकाश मंद होत होत पार विझतो! पोटात कॅप्सूल कोलांट्या खाते, म्हणून अशा यंत्रांत एकमेकींना काटकोनात तीन कॉइल घालतात, कुठलीतरी एक तरी क्षेत्र पकडतेच.

नंतर पेन्सिलीवर बारकी कॉइल गुंडाळून बघा, अगदी जवळ नेल्याशिवाय काही मिळत नाही. लहान कॉइलचं हेच दुखणं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इंजिनिअर अ‍ॅडा पून यांनी त्यासाठी फ्रीक्वेन्सी गिगाहर्ट्झच्या (सेकंदाला शंभर कोटी वेळा) आसपास नेली, तोवर लोक धरून चालले होते की एवढ्या वरच्या लहरी शरीर शोषूनच टाकतं. त्यांच्या टीमची २०१२ ची चिप ३ बाय ४ मिलिमीटरची होती, बाहेरून मिळालेल्या विजेवर पाण्यात सेकंदाला अर्धा सेंटिमीटर सरकायची, मोटर वगैरे काही नाही.

ते सरकणंही बघायचंय? चुंबकाच्या वर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची बारीक पट्टी सैल लटकवा, टोकं सेलला क्षणभरच टेकवा, जास्त धरलं तर तापते. पट्टी टुणकन एका बाजूला उडते, सेल उलटा केला की दुसऱ्या. चिपसुद्धा अशीच ढकलली जाते, चुंबकीय क्षेत्र बाहेरून आणि करंट तिच्या आतल्या तारांतून.

पेसमेकर असलेल्यांनी मात्र कॉइल आणि चुंबक दोन्हीपासून लांब राहायचं, आणि चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका, दोन गिळले तर आतडं मध्ये चिमटतं.