सूर्यग्रहण कुठून पाहावे? जागा निवडण्याची पद्धत

खग्रास सूर्यग्रहण पृथ्वीवर कुठे ना कुठे साधारण दीड वर्षाने होतच असते. पण एका ठरावीक गावावरून चंद्राची दाट सावली पुन्हा जायला सरासरी पावणेचारशे वर्षे लागतात. त्यामुळे ते आपल्या दाराशी येईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. आपणच त्याच्याकडे जायचे, आणि जाताना नेमके कुठे उभे राहायचे हे नीट विचार करून ठरवायचे. दुर्बीण, कॅमेरा, तिवई या सगळ्यांचा विचार नंतर. जागा चुकली तर त्यांचा काही उपयोग नाही.

पहिली पायरी : ग्रहण कोणते आहे ते पाहा

खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो. कंकणाकृती ग्रहणात चंद्र पृथ्वीपासून जरा दूर असल्याने लहान दिसतो आणि भोवती प्रकाशाचे कडे उरते. खंडग्रासात सूर्याचा एक भागच झाकला जातो. खग्रास आणि कंकणाकृती ही दोन्ही एका अरुंद पट्ट्यातूनच दिसतात. पट्ट्याच्या बाहेर हजारो किलोमीटरपर्यंतच्या प्रदेशातून तेच ग्रहण खंडग्रास दिसते.

बातम्यांमध्ये ‘अमुक देशातून ग्रहण दिसणार’ एवढेच सांगितलेले असते. त्यावर विसंबून तिकीट काढू नका. देशातून दिसणे वेगळे आणि खग्रास दिसणे वेगळे.

दुसरी पायरी : पट्ट्याच्या आत या

खग्रास पट्टा बहुतेक वेळा शंभर ते अडीचशे किलोमीटर रुंद असतो. नासाच्या ग्रहणविषयक संकेतस्थळावर त्याचे नकाशे मिळतात. फ्रान्सचे ग्रहण-अभ्यासक झेवियर ज्युबिए यांच्या नकाशावर तर कोणत्याही ठिकाणी टिचकी मारली की तिथल्या स्पर्शापासून (ग्रहणाची सुरुवात) मोक्षापर्यंतच्या (ग्रहणाचा शेवट) वेळा सेकंदांसह दिसतात. बऱ्याच नकाशांवरच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्या स्थानिक वेळेत बदलून लिहून ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. नव्याण्णव टक्के ग्रहण म्हणजे जवळजवळ खग्रास, असे समजू नका. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. त्याचा एक टक्का भाग उघडा राहिला तरी तो चार हजार पूर्णचंद्रांइतका उजेड देतो. तेवढ्या उजेडात प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचे ते मोतिया रंगाचे वातावरण, दिसत नाही. दिवसाउजेडी तारे, क्षितिजावर चारही बाजूंना पसरलेला संधिप्रकाश यांतलेही काही हाती लागत नाही. उजेड थोडा मंद आणि विचित्र होतो, इतकेच. मी हे इतक्या आग्रहाने सांगतो, कारण पट्ट्यापासून तासाभराच्या अंतरावर असूनही ‘इथूनही जवळजवळ सगळेच दिसेल’ म्हणून घरी थांबणारे फार असतात. तो तासाभराचा प्रवास कराच.

१२ ऑगस्ट २०२६ च्या ग्रहणाचा पट्टा ग्रीनलंड, आइसलंड आणि उत्तर स्पेनवरून जातो. त्यात माद्रिद आणि बार्सिलोना ही स्पेनची दोन सर्वांत मोठी शहरे पट्ट्याच्या अगदी काठाबाहेर राहतात. माद्रिदमध्ये सूर्य नव्याण्णव टक्क्यांहून जास्त झाकला जातो, पण खग्रास काही दिसत नाही. तिथल्या माणसाला थोडे उत्तरेला जावेच लागते.

तिसरी पायरी : पट्ट्यात कुठे?

पट्ट्याच्या मध्यरेषेवर खग्रास अवस्था सर्वांत जास्त वेळ टिकते. तरीही सगळ्यांनी मध्यरेषेवरच गर्दी करण्याचे कारण नाही. सावली साधारण गोल असल्याने मध्यापासून बाजूला सरकताना वेळ सुरुवातीला फार हळू कमी होतो. मध्यरेषा आणि काठ यांच्या बरोबर अर्ध्यावर उभे राहिलात तरी मध्यावरच्या वेळेच्या सुमारे ८७ टक्के वेळ मिळतो. तीन चतुर्थांश अंतरावर तो ६६ टक्क्यांपर्यंत येतो. त्यानंतर मात्र झपाट्याने घसरतो. स्पेनचेच उदाहरण घ्या. पट्ट्याच्या कडेजवळच्या बिल्बाओत खग्रास जेमतेम अर्धा मिनिट, आणि तिथून दक्षिणेला दोनेक तासांच्या अंतरावरच्या बुर्गोसमध्ये पावणेदोन मिनिटांच्या आसपास.

म्हणून पट्ट्याचा मधला अर्धा भाग हे आपले क्षेत्र धरा आणि त्यात जिथे आकाश चांगले मिळेल तिथे जा. दहा-पंधरा सेकंदांसाठी ढगाळ जागा पत्करणे हा वाईट सौदा आहे. अपवाद एकच. चंद्राच्या दऱ्यांमधून झिरपणारे प्रकाशबिंदू, म्हणजे बेलीचे मणी, आणि सूर्याच्या कडेचा लालसर वर्णावरणाचा, म्हणजे त्याच्या वातावरणाच्या खालच्या पातळ थराचा, पट्टा जास्त वेळ पाहायचा असेल, तर जाणकार निरीक्षक मुद्दाम काठाजवळ जातात. पहिल्यांदा पाहणाऱ्याने तो मोह टाळावा.

चौथी पायरी : ढगांचा अभ्यास

निम्मा निर्णय इथे होतो. ग्रहणाची वेळ कित्येक वर्षे आधी अगदी नेमकी सांगता येते, पण त्या क्षणी डोक्यावर ढग असेल का हे आठवडाभर आधीही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून विचार दोन टप्प्यांत करायचा.

काही महिने आधी पाहायचे ते हवामानाच्या जुन्या नोंदी. त्या महिन्यात, दिवसाच्या त्या वेळी, तिथे सरासरी किती ढग असतात? कॅनडाचे हवामानतज्ज्ञ जे अँडरसन अनेक वर्षे प्रत्येक ग्रहणपट्ट्याचा असा अभ्यास करून तो सर्वांसाठी खुला ठेवतात. नकाशा स्वतः वाचतानाही काही गोष्टी कळतात. समुद्रावरून येणारे वारे डोंगराला अडले की वाऱ्याकडच्या उतारावर ढग जमतात आणि पलीकडची बाजू कोरडी राहते. उत्तर स्पेनमध्ये कांताब्रियन पर्वताच्या समुद्राकडच्या बाजूपेक्षा आतल्या पठारावर ऑगस्टमध्ये आकाश जास्त मोकळे असते, ते यामुळेच. किनाऱ्यावर धुके आणि खालच्या थरातले ढग यांचा धोका असतो. उंच डोंगरांवर सकाळ स्वच्छ असली तरी दुपारनंतर ढग चढतात. म्हणून ग्रहण सकाळी आहे की दुपारी, हे डोंगराळ भागात आधी पाहा.

सपाट जमिनीवर एक गोष्ट आपल्या बाजूने असते. सूर्य झाकला जाऊ लागला की जमीन थंड होते, तापलेल्या हवेचे वर चढणे मंदावते आणि दुपारचे कापसासारखे सुटे ढग बऱ्याचदा विरतात. पावसाळी ढगांचे थर किंवा समुद्रावरून आलेले धुके यांना मात्र त्याने फरक पडत नाही.

काही ठिकाणी जुन्या नोंदींचे उत्तर फारच स्पष्ट असते. २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणाचा पट्टा दक्षिण स्पेनपासून उत्तर आफ्रिकेवरून अरबस्तान आणि सोमालियापर्यंत जातो. त्यात इजिप्तमधल्या लक्सरच्या परिसरात खग्रास सहा मिनिटांहून जास्त टिकते, आणि ऑगस्टमध्ये तिथे ढग जवळपास नसतातच. तिथली काळजी वेगळी, कडक उन्हाची. सावली, पाणी आणि टोपी यांचा विचार जागा ठरवतानाच करावा लागतो.

पण नोंदी म्हणजे सरासरी, वचन नव्हे. ८ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेत सर्वांत जास्त भरवसा टेक्ससचा होता. त्या दिवशी टेक्ससच्या बऱ्याच भागावर ढग होते, आणि ज्यांच्याकडून फारशी आशा नव्हती त्या ईशान्येकडच्या व्हरमाँट आणि मेन राज्यांत आकाश सुरेख निघाले. २२ जुलै २००९ रोजी बिहारमधल्या तारेगणा इथे देशोदेशींचे निरीक्षक जमले होते. ढगांनी त्यांची निराशा केली, आणि त्याच पट्ट्यातल्या वाराणसीच्या घाटांवरून खग्रास सूर्य दिसला. म्हणून एकाच जागेवर सगळे पणाला लावू नये.

पाचवी पायरी : सूर्य किती उंच आणि कोणत्या दिशेला?

ग्रहणाच्या वेळी सूर्याचे उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची अंशांमधली उंची, आणि दिशा नकाशावरच मिळते. हात लांब करून मूठ आडवी धरली की ती साधारण दहा अंश व्यापते, हे माप लक्षात ठेवा. लक्सरला सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, तिथे इमारतींची अडचण नाही. पण २०२६ मध्ये बुर्गोसला तो क्षितिजापासून एका मुठीएवढाच वर, आणि मायोर्का बेटावर तर दोनेक अंशांवर, अगदी बुडता बुडता. अशा ठिकाणी एखादी टेकडी, झाडांची रांग किंवा समोरची इमारत सगळे हिरावून घेऊ शकते.

खाली असलेल्या सूर्याचा आणखी एक तोटा म्हणजे ढग जास्त आड येतात. माथ्यावर अर्धे आकाश मोकळे असले तरी क्षितिजाकडे पाहताना तेच ढग एकामागे एक येऊन भिंत तयार होते. त्यामुळे सूर्य खाली असेल तर हवामान आणखी चोख हवे.

खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे आदल्या दिवशी बरोबर त्याच वेळी त्या जागी जाऊन उभे राहणे. एका दिवसात सूर्याच्या जागेत नगण्य फरक पडतो. जाणे शक्य नसेल तर स्टेलॅरियम या मोफत संगणक-प्रणालीत ठिकाण आणि वेळ भरून पाहा.

सहावी पायरी : नेमके मैदान

शहरापेक्षा गावाबाहेरची मोकळी जागा मला नेहमी श्रेयस्कर वाटते. अंधारून आले की रस्त्यावरचे आपोआप लागणारे दिवे लागतात आणि ऐन खग्रासात डोळ्यांवर येतात. म्हणून दिव्यांचे खांब, जाहिरातींचे झगझगीत फलक, प्रकाशझोत असलेली क्रीडांगणे टाळावीत.

क्षितिज जितके दूरपर्यंत दिसेल तितके चांगले. चंद्राची सावली ताशी किमान १,७०० किलोमीटर वेगाने येते. उंचवट्यावरून ती येताना दिसू शकते, दूरचा प्रदेश आधी काळवंडतो आणि मग तो अंधार आपल्यावरून सरकतो. खालच्या सपाट जागेवरून हे कळत नाही. जवळ फिकट रंगाची भिंत किंवा वाळू असेल तर खग्रासाच्या आधी-नंतर थरथरत सरकणारे छायापट्टेही दिसण्याची शक्यता असते. ते दर वेळी दिसतातच असे नाही.

बाकीच्या गोष्टी साध्या पण आवश्यक आहेत. स्पर्शापासून मोक्षापर्यंत अडीच-तीन तास लागू शकतात, तेव्हा बसायला जागा, पाणी, स्वच्छतागृह हवे. खासगी जमीन असेल तर परवानगी घ्या. मुले किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर चढाची जागा सोडून द्या.

जहाजाचा पर्याय अनेकांना सुचतो. ढगांमधली फट शोधत जहाज सरकू शकते ही त्याची खरी ताकद, मात्र डेकवर दुर्बीण स्थिर राहत नाही. विमान ढगांच्या वर असते, पण सूर्य उंच असला तर खिडकीतून तो दिसतच नाही. ३० जून १९७३ रोजी संशोधकांना घेऊन गेलेले काँकॉर्ड विमान आफ्रिकेवरून सावलीबरोबर धावले आणि त्यांना ७४ मिनिटे खग्रास अनुभवता आले. त्यासाठी विमानाच्या छतात खास खिडक्या बसवल्या होत्या.

सातवी पायरी : शेवटचे दोन दिवस

मुख्य जागेखेरीज दोन पर्यायी जागा हेरून ठेवा, त्याही शक्यतो वेगवेगळ्या दिशांना आणि पट्ट्याच्या आतच. डोंगराच्या दोन्ही बाजूंना एकेक असेल तर उत्तम. मुक्काम अशा ठिकाणी करा की जिथून दोन-तीन रस्ते फुटतात. एकच घाटरस्ता असलेली दरी कितीही सुंदर असली तरी ढग आल्यावर सापळा ठरते.

आदल्या दिवशीच्या अंदाजानुसार निर्णय घ्या आणि हलायचे असेल तर भल्या पहाटे हला, कारण ग्रहणाच्या दिवशी रस्ते तुंबतात. सकाळपासून उपग्रहाची ताजी चित्रे पाहत राहा. स्पर्शाच्या वेळेपर्यंत जागा पक्की झालेली असावी, असा माझा आग्रह आहे. शेवटच्या पंधरा मिनिटांत ढगांमागे गाडी पळवणारे बहुधा खग्रास गाडीतूनच पाहतात, आणि घाईत अपघात होतात ते वेगळेच.

डोळ्यांबाबत तडजोड नको. आयएसओ १२३१२-२ हे मानक पाळणारे ग्रहणचष्मे किंवा १४ क्रमांकाची वेल्डिंगची काच वापरा. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, साधे गॉगल यांच्यावर भरवसा ठेवू नका. चष्मा लावून दुर्बिणीतून कधीही पाहू नये, दुर्बिणीला सूर्यप्रकाशाची गाळणी (सोलर फिल्टर) पुढच्या भिंगावर लागते. संमीलनापासून उन्मीलनापर्यंत, म्हणजे सूर्य पूर्ण झाकलेला असताना, फक्त तेवढाच वेळ चष्मा काढायचा. हिऱ्याच्या अंगठीसारखा पहिला तेजोबिंदू पुन्हा चमकला की लगेच चष्मा डोळ्यांवर. कंकणाकृती आणि खंडग्रास ग्रहणात तो एक क्षणही काढायचा नाही.

पट्ट्यापर्यंत जाणे जमलेच नाही तर खंडग्रासासाठी कोणतीही उघडी गच्ची किंवा मैदान चालते. तिथे जागेपेक्षा सूर्याची दिशा मोकळी असणे महत्त्वाचे. दाट पानांच्या झाडाखाली गेलात तर पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे कवडसे सगळेच्या सगळे चंद्रकोरीसारखे झालेले दिसतील. लहान मुलांना ग्रहण दाखवायची ही सर्वांत निर्धोक जागा.

आणि खग्रास पाहायला गेला असाल तर परतीचे तिकीट दुसऱ्या दिवशीचे काढा. उन्मीलन होताच सगळी गर्दी एकाच वेळी गाड्यांकडे धावते, आणि नेहमी दोन तासांचा असलेला रस्ता रात्रीपर्यंत संपत नाही. तुम्ही मोक्षापर्यंत थांबा.