हॅम बँडवर अनोळखी सिग्नल आला तर हाताशी काय काय हवं

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले, आणि त्यांना वापरायला दिलेला फ्रिक्वेन्सींचा पट्टा म्हणजे हॅम बँड. अशा बँडवर मधेच काहीतरी विचित्र घरघर, टिकटिक, नाहीतर मोटार चालू असल्यासारखा आवाज येतो, आणि आपण नेमकं काय करायचं हे ठरवेपर्यंत तो गेलेला असतो. म्हणून ही तयारी आधीच करून ठेवायची. सगळ्यात महत्त्वाचं आत्ताच सांगतो, नाव सगळ्यात शेवटी. आधी मोजायचं, रेकॉर्ड करायचं, मग ओळखायचं. बहुतेक जण उलटं करतात, आवाज ऐकला की लगेच "रडार आहे" किंवा "हेरांचं स्टेशन आहे" म्हणून मोकळे होतात, आणि मग तसंच ऐकू यायला लागतं.

पहिलं काम कागदावरचं. प्रत्येक बँडमध्ये आपला हक्क कुठे पूर्ण आहे आणि कुठे वाटून घेतलेला आहे त्याचा एक तक्ता करून रिसीव्हरशेजारी लावा. १४००० ते १४२५० किलोहर्ट्झ, २१००० ते २१४५०, २८००० ते २९७०० हे जवळपास सगळीकडे फक्त हॅमचेच, तिथे दुसरं कोणी दिसलं तर ती घुसखोरीच. १४२५० ते १४३५० मध्ये मात्र काही देशांत आंतरराष्ट्रीय नियमांतल्या तळटिपेने फिक्स्ड सर्व्हिसलाही, म्हणजे ठराविक ठिकाणांमधल्या रेडिओ संपर्कालाही, परवानगी आहे. ३० मीटर बँडमध्ये, म्हणजे १०१०० ते १०१५० मध्ये, आपणच दुय्यम वापरकर्ते आहोत, तिथला अनोळखी टेलिटाइप (रेडिओवरून पाठवलेला टाइप मजकूर) कदाचित पूर्ण कायदेशीर असेल आणि बाजूला आपणच व्हायचंय. ८० मीटरचंही बऱ्याच भागात तसंच, शेअर केलेला बँड. ४० मीटरला थोडा इतिहास आहे, ७१०० ते ७२०० मधून ब्रॉडकास्टवाल्यांनी २९ मार्च २००९ पर्यंत निघायचं असं ठरलं होतं आणि बहुतेक निघाले, पण सोमालीलँडमधल्या हर्गेसाचं रेडिओ स्टेशन ७१२० वर आणि इरिट्रियाची स्टेशनं ७१४०, ७१८० च्या आसपास त्यानंतरही वर्षानुवर्षं ऐकू येत राहिली, आणि त्या इरिट्रियाच्या स्टेशनांवर इथिओपियाकडून रुंद नॉइजचा जॅमर, म्हणजे मुद्दाम घातलेला अडथळा. हा तक्ता जवळ असेल तर अर्धे गैरसमज तिथेच मिटतात.

दुसरं, आपलेच लोक कसे वाजतात ते ओळखायला शिका, कारण नवीन माणसाला सगळ्यात गूढ वाटतात ते हॅम सिग्नलच. ७०७४ आणि १४०७४ वर सतत गाणाऱ्या शिट्ट्यांसारखं जे येतं आणि दर १५ सेकंदांनी बदलतं ते एफटी८, संगणकावरून छोटे संदेश पाठवायची पद्धत. १४०९५.६ च्या डायलवर (रिसीव्हरवर दिसणाऱ्या आकड्यावर) जवळजवळ दोन मिनिटं चालणारे बारीक सूर म्हणजे डब्ल्यूएसपीआर, कमी ताकदीत सिग्नल कुठवर पोचतो ते तपासायची पद्धत. १४२३० वर खरखरत चढउतार करणारं बहुधा एसएसटीव्ही, चित्र पाठवतात. आणि १४१०० वर मोर्समध्ये कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव), मग चार लांब डॅश, प्रत्येक डॅश आधीपेक्षा कमी ताकदीचा, ते आंतरराष्ट्रीय बीकन (बँड कुठवर उघडा आहे ते कळावं म्हणून ठराविक सिग्नल पाठवणारी स्टेशनं), १८ स्टेशनं आळीपाळीने १०-१० सेकंद, तीन मिनिटांत पूर्ण फेरी, चार डॅश १०० वॉटपासून ०.१ वॉटपर्यंत. हे सगळे एकदा शांतपणे ऐकून, रेकॉर्ड करून एका फोल्डरमध्ये ठेवा.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची गोष्ट. सिग्नल खरंच अँटेनातून येतोय का, आणि त्या फ्रिक्वेन्सीवरच आहे का? यासाठी तीन-चार टेस्ट पाठच करून ठेवा. अँटेना काढा, तरी सिग्नल तसाच राहिला तर तो तुमच्या घरात किंवा रिसीव्हरच्या आतच तयार होतोय. १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल ठरलेल्या प्रमाणात कमी करणारा भाग) लावा, खरा सिग्नल १० डीबीच पडेल, पण तो इंटरमॉड, म्हणजे रिसीव्हरच्या आत जोरदार सिग्नल मिसळून झालेला खोटा सिग्नल, असेल तर त्याहून खूप जास्त पडेल, तिसऱ्या ऑर्डरचा असेल तर ३० पर्यंत. रिसीव्हर बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा (वैद्यकीय उपकरण किंवा काही महत्त्वाचं चालू असेल तर अर्थातच नाही). एलईडी दिवे, चार्जर, सोलर इन्व्हर्टर, इंटरनेटचा राउटर, सगळे हॅम बँडवर रेघा पाडतात आणि त्या थोड्या थोड्या सरकत राहतात. कुंपणातली विजेची तार साधारण सेकंदाला एक टकटक करते आणि ती ऐकून लोकांनी रडार समजलंय.

स्वस्त आरटीएल डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) डायरेक्ट सॅम्पलिंगवर, म्हणजे अँटेनाचा सिग्नल थेट आकड्यांत बदलून, वापरत असाल तर हे आधीच माहीत असायला हवं. तो २८.८ मेगाहर्ट्झने सॅम्पल घेतो, म्हणून १४.४ च्या वरचं सगळं खाली उलटून दिसतं. १४.६०० वर बसलेला एखादा कायदेशीर सिग्नल तुम्हाला १४.२०० वर दिसेल, अगदी २० मीटरच्या मध्यावर, आणि तुम्ही तक्रार लिहायला घ्याल. फिल्टर लावा नाहीतर दुसऱ्या प्रकारच्या रिसीव्हरवर बघा. उलटून आलेल्या सिग्नलची साइडबँडही (मूळ फ्रिक्वेन्सीच्या वरची किंवा खालची बाजू) उलटी असते, बोलणं यूएसबीवर (वरच्या साइडबँडवर) कळत नाही आणि एलएसबीवर (खालच्या) नीट कळतं, ही छान खूण आहे.

तिसरं, दूरचे रिसीव्हर बुकमार्क करून ठेवा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर आणि जगभर पसरलेले किवीएसडीआर (दोन्ही इंटरनेटवरून ऐकता येणारे रिसीव्हर), यातले किमान चार-पाच, वेगवेगळ्या दिशांचे, आधी उघडून चालतात का ते बघून. सिग्नल फक्त तुमच्याकडेच आहे आणि बाकी कुठेच नाही म्हणजे तो स्थानिक असण्याची शक्यता खूप जास्त. पण घाई नको, वेळ आणि बँड बघा, प्रोपगेशन (लहरी दूरवर पोचायची स्थिती) दुसऱ्या टोकाकडे बंद असेल तर तिथे ऐकू येणारच नाही. जीपीएसवाल्या किवींवर टीडीओए नावाची सोय असते, तीन किंवा जास्त रिसीव्हरकडे सिग्नल पोचायच्या वेळेतला फरक मोजून उगम कुठे असेल त्याचा नकाशा काढतात. रुंद, बदलत्या सिग्नलवर ते बरं चालतं, नुसत्या स्थिर कॅरियरवर (मजकूर नसलेल्या एकसुरी लहरीवर) जवळजवळ निरुपयोगी, आणि आयनोस्फियरमधून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून) उड्या मारत आलेल्या सिग्नलमुळे शेकडो किलोमीटरची चूक सहज होते. उत्तर म्हणजे एक प्रदेश समजा, पत्ता नाही.

चौथं, रेकॉर्डिंग. इथे लोक फार निष्काळजी असतात आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण सिग्नल एकदाच येतो. नॉइज ब्लँकर आणि नॉइज रिडक्शन बंद. एजीसी (आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय) शक्य असेल तर बंद किंवा मंद, नाहीतर पल्सचा आकारच बिघडतो. एमपी३ नको, डब्ल्यूएव्ही घ्या. एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर) असेल तर आयक्यू रेकॉर्डिंग (त्या भागाचा सगळा कच्चा सिग्नल), म्हणजे नंतर कुठलाही मोड लावून ऐकता येतं. अर्धा मिनिट तरी घ्या, आणि वॉटरफॉलचा (वेळेनुसार सरकणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या चित्राचा) स्क्रीनशॉट घेताना फ्रिक्वेन्सीची पट्टी आणि वेळ दोन्ही दिसायला हवेत. फाइलच्या नावात तारीख, यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ आणि किलोहर्ट्झ, याच क्रमाने. घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं हवं.

फ्रिक्वेन्सी मोजायचीही तयारी लागते. रिसीव्हर किती हर्ट्झने चुकतोय ते आधी काढा, प्रमाण वेळ आणि फ्रिक्वेन्सी पाठवणारं अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही ५०००, १००००, १५००० वर असतं आणि मॉस्कोचं आरडब्ल्यूएम ४९९६, ९९९६, १४९९६ वर, जे ऐकू येईल त्यावर. आणि एक गोष्ट लिहिताना ठरवून घ्या, तुम्ही लिहिताय ती डायल फ्रिक्वेन्सी की सिग्नलचा मध्य? लष्करी मोडेम स्टॅनॅग ४२८५ चा मध्य यूएसबी डायलच्या १८०० हर्ट्झ वर असतो, दोघांनी वेगवेगळं लिहिलं तर तोच सिग्नल दोन सिग्नल वाटतो.

पाचवं, मोजमापाची साधनं आधी इन्स्टॉल करून, एकदा वापरून बघून. ऑडॅसिटी पुरेसं आहे, त्याबरोबर स्पेक्ट्रम लॅब, एफएलडिजी, मल्टीपीएसके, आणि सिग्नलच्या ऑफलाइन नमुन्यांसाठी आर्टेमिस. मोजायचं काय तर रुंदी, एफएसके (दोन सुरांत उड्या मारणारा सिग्नल) असेल तर दोन सुरांतलं अंतर, बॉड रेट (सेकंदाला किती चिन्हं), आणि पल्स किंवा स्वीप (फ्रिक्वेन्सी सलग सरकवणं) असेल तर सेकंदाला किती. ऑडॅसिटीत एएम मोडचं रेकॉर्डिंग झूम करून एका सेकंदातले उंचवटे मोजले की झालं.

या आकड्यांवरच पुढचं सगळं अवलंबून आहे. ओव्हर द होरायझन रडार (क्षितिजापलीकडचं बघणारं) साधारण १० किलोहर्ट्झ किंवा जास्त रुंद, काठ सरळ कापल्यासारखे, वॉटरफॉलवर एकसारखी पट्टी. रशियाचं २९बी६ कोंटेयनर बऱ्याचदा सेकंदाला ५० स्वीप करतं, सायप्रसमधलं ब्रिटिश रडार सुमारे २० किलोहर्ट्झ रुंद. सगळ्यात बदनाम म्हणजे सोव्हिएत दुगा, १९७६ ते १९८९ सेकंदाला १० टकटक. समुद्राच्या लाटा मोजणारी कोडार रडारं सावकाश, साधारण सेकंदाला एक-दोन स्वीप. आयनोसोंड चिर्प (आयनोस्फियर मोजणारा सरकता सूर) बँडमधून सेकंदाला १०० किलोहर्ट्झने जातो, म्हणून २.७ किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून तो फक्त २७ मिलिसेकंद दिसतो, एक चिप असा आवाज, आणि संपलं. आता ५० चा धोका असा की जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे घरातल्या नॉइजचाही ताल ५० किंवा १०० असतो. रडारला ठराविक रुंदी असते आणि ते फेड होतं, विजेचा नॉइज बँडभर पसरतो आणि फेड होत नाही, एवढं बघितलं तरी बहुतेक वेळा फरक कळतो.

७०३८.७ ते ७०३९.४ च्या आसपास मोर्समध्ये एकच अक्षर पुन्हा पुन्हा येत असेल तर ते रशियन नौदलाचे बीकन. डी सेव्हास्तोपोल, पी कॅलिनिनग्राड, एस सेव्हेरोमोर्स्क, सी मॉस्को, एफ व्लादिवोस्तोक, के कामचाट्का, एम मगादान. यांचा एक उपयोगही आहे, कुठलं अक्षर ऐकू येतंय यावरून त्या वेळी ४० मीटर कुठल्या बाजूला उघडा आहे ते समजतं. एएलई (स्टेशनं आपोआप जोडून देणारी पद्धत) म्हणजे आठ सूर, २५० हर्ट्झ अंतरावर, ७५० ते २५००, १२५ बॉड, कानाला पक्ष्यांच्या घाईतल्या किलबिलीसारखं, पण हे हॅमही वापरतात, म्हणून कॉलसाइन डीकोड करून बघा. ५० बॉड आणि २०० हर्ट्झ शिफ्टचा एफएसके म्हणजे रशियन लष्करी असण्याची शक्यता, फक्त शक्यता. २८ मेगाहर्ट्झवर थांबून थांबून काही अक्षरं मोर्समध्ये पाठवणारे मासेमारी जाळ्यांचे बॉय (तरंगत्या खुणा) असतात, ते कुठल्याही हॅम यादीत सापडत नाहीत म्हणून लोक चक्रावतात.

७० सेंमीवर ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपासचे छोटे छोटे स्फोट म्हणजे रिमोट, हवामानाचे सेन्सर, टायरचे प्रेशर सेन्सर, आरटीएल_४३३ हे सॉफ्टवेअर लावलं की बरेचसे नावानिशी दिसतात, तो विषय एवढाच.

लॉगचा फॉर्म आधीच तयार असू द्या. यूटीसी तारीख आणि सुरू-बंद वेळ, फ्रिक्वेन्सी आणि ती कशी मोजली, रुंदी, एमिशनचा कोड (एफएसके तार असेल तर एफ१बी, साधा मोर्स असेल तर ए१ए, एएम आवाज असेल तर ए३ई), ताकद आणि फेडिंग, तुमची अँटेना आणि तिची दिशा, कुठल्या दूरच्या रिसीव्हरवर आलं आणि कुठल्यावर आलं नाही. जे "आलं नाही" तेही लिहा, तक्रार बघणाऱ्याला तेच जास्त उपयोगी पडतं. स्वतःचा अंदाज वेगळ्या ओळीत, आणि शेजारी खात्री किती ते.

पाठवायचं कुठे तेही आधी शोधून ठेवा. आयएआरयूची (जगभरच्या हॅम संस्थांच्या संघाची) मॉनिटरिंग सिस्टिम तिन्ही विभागांत आहे आणि बऱ्याच देशांच्या हॅम संस्थेत तिचा समन्वयक असतो. तो नमुने एकत्र करून देशाच्या रेडिओ खात्याकडे देतो आणि मग ते खातं दुसऱ्या देशाच्या खात्याशी बोलतं, आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) नियमांत त्यासाठी परिशिष्ट १० चा नमुना ठरलेला आहे. घुसखोर सिग्नलवर स्वतः ट्रान्समिट करायचं नाही, त्याला त्रास द्यायला म्हणून कॅरियर सोडायचा नाही, त्याने हस्तक्षेप करणारे आपणच ठरतो. आणि डीकोड करताना दुसऱ्याचा खाजगी मजकूर हाती लागला तर तो पसरवायचा नाही, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, मॉनिटरिंगला सिग्नलचं मोजमाप लागतं, मजकूर नाही.

एवढं करूनही काही सिग्नल ओळखता येत नाहीत. मग लॉगमध्ये "अनोळखी" लिहा आणि पुढे सगळे आकडे, खोटं नाव देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याच यूटीसी मिनिटाला अलार्म लावून पुन्हा त्या फ्रिक्वेन्सीवर बसा, कारण बरीच लष्करी आणि सरकारी स्टेशनं वेळापत्रकाने चालतात, आणि एका आठवड्याचे असे अलार्म लागले की तो रोज येतो, आठवड्यातून ठराविक वारी येतो, की पुन्हा आलाच नाही, हे तुमच्या कागदावर दिसेल.