फायली लावणारी स्क्रिप्ट कशी लिहावी

डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं की पावत्या, फोटो, अर्धवट उतरलेल्या फायली, एकाच पीडीएफच्या तीन-तीन प्रती आणि ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हेच फायनल’ अशी नावं एकत्र पडलेली दिसतात. हाताने आवरलं तरी थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने क्रमाने पाळायच्या आज्ञांची छोटी फाइल, लिहायची. फाइल इकडून तिकडे हलवणारी आज्ञा एका ओळीत संपते. बाकीच्या सगळ्या ओळी लागतात त्या कुठल्या फायलीला हात लावायचा नाही, त्या नावाची फाइल तिथे आधीच असेल तर काय करायचं आणि काम बिघडलं तर सगळं जागेवर कसं आणायचं, यासाठी. इथे भर त्या बाकीच्या ओळींवर आहे.

भाषा कोणती घ्यायची? विंडोजवर पॉवरशेल आधीपासून असतं, लिनक्सवर बॅश, आणि मॅकवर २०१९ मधल्या कॅटालिनापासून झेडशेल. दोन-तीन ओळींच्या कामाला ही पुरतात. त्यापुढे मी पायथनच सुचवेन. एकच स्क्रिप्ट तिन्हीकडे चालते, आणि बॅशमधली एक जुनी डोकेदुखी टळते: तिथे नावाभोवती अवतरणचिन्हं द्यायची राहिली, तर ‘सहल फोटो’ हे एक नाव न राहता ‘सहल’ आणि ‘फोटो’ अशा दोन फायली समजल्या जातात. पायथनमध्ये ३.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, पाथलिब हे मॉड्यूल, म्हणजे तयार आज्ञांचा संच, आहे. फायलींचे पत्ते हाताळायला तेच वापरा. पत्त्यातल्या तिरप्या रेघा कुठल्या बाजूला कलायच्या याची काळजी ते घेतं.

पायरी १: वाटणी ठरवा

बहुतेक जण प्रकारानुसार वाटणी करतात. पीडीएफ एका फोल्डरात, फोटो दुसऱ्यात, व्हिडिओ तिसऱ्यात. लिहायला हे सर्वांत सोपं आणि उपयोगाला सर्वांत कमी, कारण शोधताना आपल्याला ‘एक पीडीएफ’ नको असते, ‘साधारण पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेली ती पावती’ हवी असते. म्हणून आधी वर्ष, त्यात महिना, आणि वाटलंच तर त्यात प्रकार. फोल्डरांची नावं ‘२०२४-०६’ अशी द्या. वर्ष आधी आणि महिना दोन आकडी ठेवला की नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच राहतो. नाहीतर निव्वळ अक्षरक्रमाने लावणाऱ्या यादीत १० नंबर २ च्या आधी जाऊन बसतो.

मात्र तारीख कुठली? फायलीला शेवटच्या बदलाची वेळ असते, ती तिन्ही प्रणालींवर भरवशाची. ‘तयार झाल्याची वेळ’ तशी नाही. सीटाइम नावाची वेळ विंडोजवर निर्मितीची म्हणून मिळत आली आहे, तर लिनक्सवर ती परवानगी किंवा नाव बदललं तरी बदलते. फोटोंसाठी याहून चांगली सोय आहे. कॅमेरा फोटोच्या आतच एक्झिफ माहिती लिहितो आणि त्यात फोटो काढल्याची तारीख असते. फोटो मेसेजिंग ॲपमधून आला असेल तर ही माहिती बहुधा गळालेली असते, तेव्हा ती सापडली नाही तर बदलाची वेळ घ्यायची, असा पर्याय ठेवा.

पायरी २: आधी मराठीत लिहा

थेट कोडमध्ये उडी मारू नका. स्क्रिप्टने काय करायचं ते साध्या वाक्यांत लिहून काढा:

डाउनलोड्समधली एकेक नोंद घे.
फोल्डर असेल तर सोड.
वगळायच्या यादीत बसत असेल तर सोड.
गेल्या चोवीस तासांत बदललेली असेल तर सोड.
बदलाच्या तारखेवरून वर्ष-महिना काढ.
त्या नावाचं फोल्डर नसेल तर तयार कर.
तिथे त्याच नावाची फाइल असेल तर नवं नाव शोध.
जुना पत्ता आणि नवा पत्ता नोंदवहीत लिही.
हलव.

पाथलिबमध्ये यातल्या जवळपास प्रत्येक ओळीला एक आज्ञा आहे. नोंदी घ्यायला इटरडिर, फोल्डर ओळखायला इज-डिर, तारखेसाठी स्टॅट, फोल्डर करायला मेकडिर, नाव तपासायला एग्झिस्ट्स. हलवायला मात्र शटिल मॉड्यूलमधली मूव्ह घ्या. पाथलिबची रिनेम एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर फाइल नेत नाही. मूव्ह अशा वेळी प्रत करते आणि मग मूळ फाइल काढून टाकते. एकाच डिस्कवर असाल तर फक्त नोंद बदलते, म्हणून तिथे मोठा व्हिडिओही क्षणात हलतो.

सुरुवातीला पोटफोल्डरांत शिरू नका. आत एखादा प्रोग्रॅम किंवा वेबसाइट असेल तर तिच्या फायली तारखेनुसार पांगल्यावर ती चालायची बंद होईल.

पायरी ३: वगळायची यादी

स्क्रिप्ट बिघडते ती बहुधा इथे. क्रोम अर्धवट उतरलेल्या फायलीला ‘सीआरडाउनलोड’ असं एक्सटेंशन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं) देतं, फायरफॉक्स ‘पार्ट’. त्या हलवल्या तर डाउनलोड तुटेल. वर्डमध्ये एखादी फाइल उघडी असेल तर तिच्या शेजारी नागमोडी रेघ आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी एक लपलेली फाइल असते, तीही सोडा. विंडोजची ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’, मॅकची ‘डॉट डीएस स्टोअर’ आणि एकूणच टिंबाने सुरू होणारी नावं वगळा. एक्सटेंशन तपासण्याआधी ते लोअरकेस करून घ्या. कित्येक कॅमेरे ‘जेपीजी’ कॅपिटल अक्षरांत लिहितात आणि मग निम्मे फोटो नियमातून निसटतात.

चोवीस तासांची अट वर उगाच नाही. आज उतरवलेली फाइल आजच लागते, आणि ती डोळ्यांदेखत नाहीशी झाली तर माणूस स्क्रिप्टवरच चिडतो.

पायरी ४: कोरडी फेरी

पहिल्यांदा चालवाल तेव्हा स्क्रिप्टने काहीही हलवायचं नाही. ‘अमुक फाइल तमुक ठिकाणी गेली असती’ एवढंच छापायचं. मुरलेल्या साधनांत ही सोय असतेच. पॉवरशेलच्या अनेक आज्ञांना ‘व्हॉटइफ’ जोडता येतं, फायलींच्या प्रती करणाऱ्या आरसिंकला ‘ड्राय-रन’ आणि रोबोकॉपीला ‘एल’ हा पर्याय आहे. आपल्या स्क्रिप्टमध्ये मात्र उलटं करा. काही न सांगता चालवली तर कोरडी फेरी, आणि ‘खरंच’ असा शब्द मुद्दाम जोडला तरच फायली हलतील. कंटाळलेला माणूस जास्तीचं टाइप करत नाही, म्हणून कमी टाइप केल्यावर जे होतं ते निरुपद्रवी असलेलं बरं.

छापलेली यादी खरोखर वाचा. पहिल्या दहा ओळी पाहून ‘ठीक दिसतंय’ म्हणू नका. विचित्र नोंदी मध्येच कुठेतरी असतात.

पायरी ५: नावांची टक्कर

‘स्कॅन’ नावाच्या फायली प्रत्येकाकडे ढिगाने असतात. एक फोल्डरात आहे आणि दुसरी तिथेच जायला निघाली, तर काय होईल? रिनेमचं उत्तर प्रणालीगणिक वेगळं आहे. विंडोजवर ती चूक दाखवून थांबते, तर लिनक्स आणि मॅकवर आधीची फाइल मुकाट्याने पुसून तिच्या जागी नवी ठेवते. त्यामुळे रिनेम वापरून विंडोजवर नीट तपासलेली स्क्रिप्ट लिनक्सवर फायली गिळू शकते. मूव्हला पूर्ण नवा पत्ता दिला तर ती विंडोजवरही आधीची फाइल पुसू शकते. हलवण्याआधी नाव मोकळं आहे का ते स्वतः तपासा. नसेल तर एक्सटेंशनच्या आधी ‘-१’ जोडा, तेही असेल तर ‘-२’, असं मोकळं नाव मिळेपर्यंत.

पायरी ६: नोंदवही आणि परतीचा रस्ता

हलवलेल्या प्रत्येक फायलीची एक ओळ सीएसव्ही फायलीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुरात) जाऊ द्या: वेळ, जुना पत्ता, नवा पत्ता. ओळ आधी लिहायची आणि फाइल नंतर हलवायची. मध्येच वीज गेली तर नोंद आहे पण फाइल जुन्याच जागी, अशी अवस्था निस्तरता येते. फाइल गेली आणि नोंदच नाही, याला उपाय नाही. ही सीएसव्ही उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत, यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. विंडोजवर पायथन वर्षानुवर्षं वेगळंच एन्कोडिंग गृहीत धरत आलं आहे आणि देवनागरी नावांवर अडखळतं. नोंदवही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, म्हणजे अक्षरांऐवजी चिन्हांची खिचडी दिसणार नाही.

आता दुसरी छोटी स्क्रिप्ट लिहा. ती नोंदवही शेवटच्या ओळीपासून वर वाचत जाईल, नव्या जागी फाइल आहे का आणि जुनी जागा रिकामी आहे का ते पाहील आणि फाइल परत नेईल. जेमतेम पंधरा ओळींचं काम आहे. मुख्य स्क्रिप्ट खऱ्या फायलींवर सोडण्याआधी, एका चाचणी-फोल्डरात कामचलाऊ फायली टाकून, जाणं आणि परत येणं दोन्ही करून बघा.

पायरी ७: मराठी नावांची खुबी

तयार नमुने उतरवून घेतले तर त्यांत हा भाग हमखास नसतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातला ऱ युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) एकसंध अक्षर म्हणून साठवता येतो, किंवा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असा दोन तुकड्यांतही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण स्क्रिप्टच्या लेखी ही दोन वेगळी नावं आहेत. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली नावं सुटी करून साठवायची, त्यामुळे तिथून आलेल्या फायलींत हा घोळ आढळतो. उपाय सोपा आहे: तुलना करण्याआधी दोन्ही नावं युनिकोडडेटा मॉड्यूलच्या नॉर्मलाइझमधून ‘एनएफसी’ या जोडलेल्या रूपात आणा. तेवढ्याने एक तिसरा प्रकार मात्र सुटत नाही. काही कीबोर्ड हाच अर्धा र साध्या र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून लिहितात. त्याला एनएफसी हात लावत नाही, तिथे अदलाबदल आपणच लिहायची.

दुसरी गोष्ट लांबीची. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल प्रणालींत एका नावाला २५५ बाइट्सची मर्यादा असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, म्हणजे फक्त ८५ चिन्हं, आणि काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. ‘दुसऱ्या’ या एका शब्दाला २१ बाइट्स लागतात. विंडोजच्या एनटीएफएसवर हीच मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने, तिथलं लांबलचक मराठी नाव लिनक्सवर उतरताना अडतं. (उलट विंडोजवर पूर्ण पत्त्याची २६० चिन्हांची जुनी मर्यादा अजून अनेक प्रोग्रॅम पाळतात.) नावं छाटायची वेळ आली तर चिन्हं मोजू नका, बाइट्स मोजा.

आकड्यांचं त्या मानाने सोपं आहे. पायथनची इंट आज्ञा देवनागरी आकडे थेट समजते, ‘०७’ दिलं की ७ मिळतो. पण साध्या क्रमवारीत इंग्रजी आकडे आधी आणि देवनागरी नंतर येतात, तेव्हा फोल्डरांच्या नावांत कुठलेही एकाच तऱ्हेचे वापरा.

पायरी ८: जुळ्या फायली

दोन फायली तंतोतंत एक आहेत का, हे नावावरून ठरवू नका. आधी आकार जुळवा, तो वेगळा असेल तर विषय संपला. आकार सारखा असलेल्यांचाच एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फायलीतल्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढा. क्लाउडशी जोडलेलं फोल्डर असेल तर जपून, कारण ‘फक्त ऑनलाइन’ ठेवलेल्या फायलीचा हॅश काढायला गेलं की ती आधी पूर्ण खाली उतरते. सापडलेल्या जुळ्या प्रती पुसू नका, ‘तपासायच्या’ नावाच्या फोल्डरात हलवा. पायथनने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती गेलीच.

पायरी ९: वेळापत्रक

काही आठवडे हाताने चालवून नोंदवही बिनचूक दिसली की मगच स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी आपोआप चालवायला लावा. लिनक्सवर क्रॉन, विंडोजवर टास्क शेड्यूलर, मॅकवर लाँचडी. हाताने चालणारी स्क्रिप्ट इथे अनेकदा गप्प पडते, कारण क्रॉन तिला आपल्या नेहमीच्या फोल्डरातून सुरू करत नाही आणि प्रोग्रॅम शोधायच्या जागाही त्याला मोजक्याच माहीत असतात. स्क्रिप्टमध्ये फायलींचे आणि वेळापत्रकात पायथनचा, असे पूर्ण पत्ते द्या. मॅकवर डाउनलोड्सला हात लावायला सेटिंग्जमधून परवानगी द्यावी लागू शकते. ठरलेल्या वेळी संगणक बंद असेल तर क्रॉन ती फेरी सोडून देतो. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर त्यासाठी ॲनाक्रॉन वापरा. टास्क शेड्यूलरमध्ये हुकलेली फेरी लवकरात लवकर चालवण्याचा पर्याय आहे, तो स्वतः निवडावा लागतो.