केस सीबीआयकडे न्यायचीय? मग आधी सीबीआयची हद्द कशी वाढते ते समजून घ्या

गावाकडं एखादा गंभीर गुन्हा झाला, तपास नीट होईना, की लोक "सीबीआय चौकशी करा" असं निवेदन कलेक्टर ऑफिसला देतात आणि महिनोन्‌महिने वाट बघत बसतात, ते बघून जीव तुटतो, कारण कलेक्टरच्या हातात ते नसतंच.

सीबीआय चालते दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायदा १९४६ वर, म्हणजे मूळ हद्द केंद्रशासित प्रदेशांपुरती. कलम ३ खाली कुठले गुन्हे ते केंद्र ठरवतं, कलम ५ खाली दुसऱ्या राज्यापर्यंत हद्द वाढवतं, पण कलम ६ सांगतं की राज्य सरकारची संमती पाहिजे, आणि घोडं बहुतेक इथंच अडतं. त्यामुळं अर्ज करायचा तो राज्याच्या गृह विभागाला. राज्यानं संमती दिली की केंद्राचा कार्मिक विभाग कलम ५ ची अधिसूचना काढतो. मंत्र्यानं टीव्हीवर "सीबीआयला दिलं" म्हटलं तरी ही अधिसूचना निघाली का ते विचारत राहा.

काही राज्यं सरसकट संमती देऊन ठेवतात आणि कधी काढूनही घेतात. महाराष्ट्रानं ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली, २०२२ मध्ये परत दिली. काढली तरी आधीपासून चालू असलेला तपास थांबत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९४ लाच सांगितलंय.

राज्य तयारच नसेल तर हायकोर्ट, राज्यघटनेचं कलम २२६. तिथं राज्याची संमती लागत नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाच्या २०१० च्या निकालानं हे पक्कं झालं. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्राची संमती काढलेली असतानाही मुंबई हायकोर्टानं तेव्हाच्या गृहमंत्र्यांवरच्या आरोपांची प्राथमिक चौकशी सीबीआयला करायला लावली. डॉ. दाभोलकरांच्या खुनाचा तपासही २०१४ मध्ये हायकोर्टाच्याच आदेशानं सीबीआयकडे गेला.

पण त्याच २०१० च्या निकालात हेही आहे की हा अधिकार जपून, अपवादानंच वापरायचा, नुसते पोलिसांवर आरोप केले म्हणून नाही. म्हणून फाईल आधीपासून बांधा, हे सगळ्यात महत्त्वाचं. एफआयआरची कॉपी, पोलीस नोंदवत नसतील तर एसपींना रजिस्टर पोस्टानं तक्रार (बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(४)), तरी नाही हललं तर मॅजिस्ट्रेटकडं कलम १७५(३) चा अर्ज. मॅजिस्ट्रेट स्थानिक पोलिसांना तपास करायला लावू शकतात, सीबीआयला नाही, हे वकिलालाही आधीच सांगा नाहीतर तिथंच वेळ जातो. पोचपावत्या सांभाळा, आणि पंचनामा कधी झाला, सीसीटीव्ही कधी मागितलं आणि घेतलं का, कुठल्या साक्षीदाराचा जबाब राहिला, हे तारखेनिशी एका वहीत लिहीत जा, कोर्ट चिडलेल्या भाषेपेक्षा या तारखा बघतं.

याचिकेत सीबीआयसोबत पर्याय म्हणून एसआयटीची (विशेष तपास पथकाची) मागणीही टाका, बऱ्याचदा कोर्टाला तो मार्ग बरा वाटतो आणि त्यात हद्दीचा प्रश्नच येत नाही.