बाळाचा संशयास्पद मृत्यू: नोंद आणि तपास कसा करावा

"झोळीतून पडलं." "आंघोळीचं पाणी अंगावर सांडलं." "रात्री दूध प्यालं आणि सकाळी उठलंच नाही."

हे तिन्ही खुलासे खरे असू शकतात. सांभाळणाऱ्याच्याच हातून बाळाचा जीव गेला असेल तेव्हाही नेमकी हीच वाक्यं ऐकू येतात. फरक कळतो तो तीन गोष्टींच्या मेळावरून: खुलासा, इजा आणि त्या वयाचं बाळ काय करू शकतं. तीन महिन्यांचं बाळ सहसा स्वतःहून कुशीवर वळत नाही. त्यामुळे "लोळत जाऊन पलंगावरून पडलं" हे ऐकल्यावर पेन थांबलं पाहिजे. हा मेळ तपासायचं साहित्य पहिल्या चोवीस तासांतच हाती लागतं. पुढे ते धुतलं जातं, पुरलं जातं किंवा नातेवाईक एकमेकांशी बोलून एकसारखं करतात.

कॅज्युअल्टीतली पहिली वाक्यं

बाळ कोणी आणलं, त्याचं नातं काय, किती वाजता आणलं हे आधी लिहा. मग खुलासा सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. सोलापुरात आजी तेलुगूत सांगते, आई कन्नडमध्ये, आणि शेजारी उभा असलेला कोणीतरी मराठीत "पडलं म्हणतायत" एवढंच सांगून मोकळा होतो. "पडलं", "हातून सुटलं" आणि "आपटलं" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ वाक्य जसंच्या तसं देवनागरीत उतरवा, खाली अर्थ लिहा आणि अर्थ सांगणाऱ्याचं नाव टाका.

आई आणि वडिलांना वेगवेगळं विचारा. बाळ नीट असल्याचं शेवटचं कोणी आणि कधी पाहिलं? शेवटचं दूध किंवा खाणं कधी? त्यानंतर घरात कोण कोण होतं? किती उंचीवरून, कशावर पडलं? पडल्यावर रडलं का? दवाखान्यात आणायला किती वेळ लागला, मध्ये कुठे दाखवलं का? खुलासा नंतर बदलला तर आधीचा खोडू नका. वेळ टाकून नवा त्याखाली लिहा. बदलत गेलेले खुलासे हाच पुढे महत्त्वाचा पुरावा ठरतो. आवाज चढवू नका, आरोप करू नका. समोर बसलेले आईबाप निर्दोष असतील तर त्यांच्यावर आभाळ कोसळलेलं असतं, आणि दोषी असतील तर दरडावल्याने ते फक्त सावध होतात.

बाळ जिवंत आलं असेल तर रक्त चढवण्याआधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या चाचण्यांचे (पीटी, एपीटीटी) नमुने घ्या. दाखल करतानाचं उरलेलं रक्त फेकू नये म्हणून लॅबला लेखी कळवा. जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन न मिळालेल्या बाळाच्या मेंदूत आपोआपही रक्तस्राव होऊ शकतो, आणि मृत्यूनंतर गोठण्याच्या चाचण्या भरवशाच्या राहत नाहीत.

मृतावस्थेत आणलेल्या बाळाची एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी वैद्यकीय नोंद, करा आणि पोलिसांना खबर द्या. वस्तीतल्या डॉक्टरांनी, ज्या बाळावर आपण उपचारच केले नव्हते त्याच्या मृत्यूच्या कारणाचा ४अ नमुन्यातला दाखला ओळखीखातर देऊ नये. एका सहीने सगळा तपास संपतो.

अंगावरच्या खुणा

सलाइन, नळ्या, चिकटपट्ट्या काढू नका. उपचारातल्या सुयांच्या टोचण्याभोवती पेनाने गोल करा, म्हणजे त्या इजा समजल्या जाणार नाहीत. कपडे आणि लंगोट कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते.

फोटो तीन टप्प्यांत: संपूर्ण शरीर, तो भाग, मग जवळून. जवळचा फोटो काटकोनी पट्टी ठेवून आणि पट्टीशिवाय, कॅमेरा कातडीशी ९० अंशांत धरून. तिरक्या फोटोत खुणेचं माप चुकतं.

चार वर्षांखालच्या मुलाच्या छाती-पोट-पाठीवर, कानावर किंवा मानेवर मुका मार दिसला, किंवा पाच महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही दिसला, तर तो संशयास्पद धरा. कानाची मागची बाजू, जबड्याचा कोन, गाल, पापण्या, डोळ्यांचा पांढरा भाग आणि वरच्या ओठाखालची पातळ पडदी बघितलीच पाहिजे. रंग नोंदवा, पण रंगावरून "तीन दिवसांपूर्वीचा" असं लिहू नका. त्याला शास्त्रीय आधार नाही.

आपल्याकडे दोन गोष्टी हमखास फसवतात. एक, कमरेवरचे-कुल्ल्यांवरचे जन्मजात निळसर डाग. पीएममध्ये (शवविच्छेदनात) तिथे छेद घेतला तर खाली रक्त साकळलेलं नसतं, मुक्या मारात असतं. दुसरी, बिब्ब्याचे व्रण. बिब्बा घातल्याचं घरचे सांगत असतील तर कोणी, कधी, कशासाठी हे विचारून नोंदवा. विडीचा चटका सिगारेटच्या ८ ते १० मिलिमीटरच्या गोल व्रणासारखा रेखीव असेलच असं नाही. घरातली विडी, उलथणं, तव्याची कड आणून खुणेशेजारी मापा.

घटनास्थळ

पंचनाम्याची घाई करू नका, पण जायची घाई करा. फरशी पुसायच्या आत पोचलं पाहिजे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जावं अशी कलम १७६(३) ची तरतूद आहे.

झोळीचा प्रकार असेल तर झोळीच्या तळापासून जमिनीपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या. खाली शहाबादी फरशी होती, सारवलेली जमीन होती की गोधडी, ते लिहा. बाळाइतक्याच वजन-उंचीचा बाहुला घेऊन खुलासा देणाऱ्याला "कसं पडलं ते दाखवा" म्हणा आणि न थांबवता चित्रीकरण करा. दोघांकडून वेगवेगळं करून घ्या. थोड्या उंचीवरून पडून लहान मुलाचा जीव जाणं फार दुर्मीळ आहे: वर्षाकाठी दहा लाख मुलांमागे एकही नाही. दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे, म्हणूनच माप हवं.

भाजल्याचा प्रकार असेल तर तीच बादली, तेवढंच पाणी, तोच बंब किंवा हीटर वापरून पाणी तापवा आणि दर मिनिटाला तापमान लिहा. ६० अंश सेल्सियसच्या पाण्याने प्रौढ माणसाची कातडी साधारण ५ सेकंदांत खोल भाजते, बाळाची त्याहून लवकर. सांडलेल्या पाण्याने भाजलं की कडा वेड्यावाकड्या असतात आणि जखम खाली निमुळती होते. धरून बुडवलं असेल तर मोज्यासारखी सरळ रेघ दिसते आणि मुडपलेले सांधे आतून कोरे राहतात.

मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बाळ दगावलं असेल तर त्याच वेळी, त्याच खोलीत तापमान घ्या. उष्माघात हे खरं कारण असू शकतं. शिवाय बाहेरची हवाच अंगाइतकी तापलेली असताना शरीराच्या तापमानावरून मृत्यूची वेळ काढता येत नाही.

शवविच्छेदन

आधी एक्स-रे. अख्खं बाळ एकाच प्लेटवर घेतलं तर बारीक फ्रॅक्चर हमखास निसटतं. कवटी दोन बाजूंनी, छाती समोरून आणि दोन्ही तिरक्या बाजूंनी, मणका, ओटीपोट, आणि हातापायांचं प्रत्येक हाड वेगळं घ्या. मणक्यालगत मागच्या बाजूने मोडलेल्या बरगड्या आणि लांब हाडांच्या टोकांचे तुटलेले कोपरे शोधा. बाळाला सीपीआर देताना क्वचित बरगड्या मोडतात, त्याही पुढच्या बाजूने. साधारण ७ ते १४ दिवसांनी फ्रॅक्चरभोवती नवं हाड दिसू लागतं. ते दिसलं तर आजच्या इजेआधीही काही घडलं होतं. मुडदूस आणि ठिसूळ हाडांचा आजार यांचाही विचार लेखी नोंदवा.

पाठ, कुल्ले आणि हातपाय यांच्या कातडीखाली छेद घेऊन बघा, कारण वरून स्वच्छ दिसणाऱ्या पाठीत खोलवर रक्त साकळलेलं असतं. मान सर्वांत शेवटी, डोकं आणि छातीतलं रक्त वाहून गेल्यावर उघडा. मेंदू १० टक्के फॉर्मेलिनमध्ये दोन आठवडे ठेवून मगच कापा. डोक्याला मार असल्याचा संशय असेल तर डोळे अखंड काढा आणि त्यात सुई घालू नका. दृष्टिपटलावरचा रक्तस्राव बिघडतो. उपासमार किंवा पाणी तोडल्याचा संशय असेल तर मात्र डोळ्यातला द्रव सोडियम आणि युरियासाठी लागतोच. वजन, लांबी आणि डोक्याचा घेर घ्या.

सर्वांत जास्त घोळ बाटल्यांत होतो. विषाच्या तपासणीसाठीचा व्हिसेरा (आतल्या अवयवांचे तुकडे) मिठाच्या संपृक्त द्रावणात, रक्त सोडियम फ्लोराइडमध्ये, सूक्ष्मदर्शक तपासणीचे (हिस्टोपॅथचे) तुकडे फॉर्मेलिनमध्ये. हिस्टोपॅथचा तुकडा मिठात गेला की पेशी बघता येत नाहीत, व्हिसेरा फॉर्मेलिनमध्ये गेला की विषाचा तपास बिघडतो. बाटलीवर लेबल टेबलापाशीच लावा.

पीएममध्ये काही सापडलं नाही म्हणून "नैसर्गिक" लिहू नका; व्हिसेरा आणि हिस्टोपॅथ येईपर्यंत मत राखून ठेवा. "आईने मारलं" हेही डॉक्टरांचं वाक्य नव्हे. "दिलेल्या खुलाशाने ही इजा स्पष्ट होत नाही" हे डॉक्टरांचं वाक्य आहे, आणि कोर्टात तेच टिकतं.

कागद आणि भावंडं

माता व बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीतली वजनं, आशाताईंच्या नोंदी आणि आधीच्या सगळ्या दवाखान्यांचे केसपेपर गोळा करा. वजनाची रेघ कोणत्या महिन्यापासून घसरली आणि तेव्हा घरात काय बदललं हे बघा. ऊसतोडीची टोळी असेल तर गाळप संपायच्या आत जबाब घ्या. मूळ गावच्या अंगणवाडीतूनही नोंदी मागवा.

घरातल्या बाकीच्या मुलांची त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासणी करा, दोन वर्षांखालचं असेल तर एक्स-रेसह. धोका वाटला तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर कळवा आणि २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करा. पंधरा वर्षांखालच्या भावंडाला ठाण्यात बोलवायचं नाही, घरी जाऊन विचारायचं, आणि "बाबांनी मारलं का?" असं नाही तर "काय झालं ते सांग" असं.

अकस्मात मृत्यूची नोंद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. मेळ बसत नाही असं दिसलं की ती तिथेच पडू देऊ नका, गुन्हा दाखल करा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मुळे, ज्या वेळेत बाळ एकाच माणसाच्या ताब्यात होतं त्या वेळेचा खुलासा त्याच्याकडे मागता येतो. पण त्याआधी ती वेळ मिनिटांत बांधावी लागते: फोनच्या नोंदी, कामावरची हजेरी, शेजाऱ्यांचे जबाब.

खबर उशिरा आली तरी तपास संपत नाही. लहान मुलांना आपल्याकडे बहुधा पुरतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मृतदेह बाहेर काढता येतो आणि त्याला कालमर्यादा नाही. शक्यतो पहाटे सुरुवात करा, देहाच्या वरची, खालची आणि बाजूची माती वेगवेगळ्या बरणीत घ्या, आणि खड्ड्यातली सगळी माती बारीक चाळणीतून चाळा. तान्ह्या बाळाच्या हाडांची टोकं अजून सुटी असतात आणि ती खड्यांसारखी दिसतात.