हॅवलॉकवर असताना चक्रीवादळाची बातमी आली तर

अंदमानला छोटे गट घेऊन जायला लागून मला चौदा वर्षं झाली. त्यात वादळाने सहल विस्कटायची वेळ पाचदा आली. दर वेळी गटातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर तेच सल्ले येऊन पडतात: खिडक्यांना पट्ट्या मारा, बाथटब पाण्याने भरून ठेवा. समुद्रकाठच्या बांबूच्या खोलीत बाथटब कुठून आणायचा? हे सल्ले अमेरिकेतल्या वादळांचे. तिथे माणसं गाडी काढतात आणि किनारा सोडून आत निघून जातात. हॅवलॉक हे अंदमानातलं छोटं बेट, तिथे गाडी काढून जाल कुठे, राधानगर बीचपर्यंत?

शिवाय इथलं संकटही वेगळं आहे. अंदमानजवळचं वादळ बहुतेक वेळा अजून बाळसं धरत असतं. त्याचा खरा जोर पुढे, भारताच्या पूर्व किनाऱ्याकडे जाताना वाढतो. त्यामुळे छप्पर उडण्याची भीती कमी, बोट बंद होऊन अडकण्याची जास्त. हॅवलॉकला, म्हणजे २०१८पासूनच्या स्वराज द्वीपला, विमानतळ नाही. हेलिकॉप्टरच्या जागा मूठभर.

औषधं चार दिवस जास्तीची, रोकड, टॉर्च, पॉवर बँक. तयारीचं एवढंच.

आता अवघड पायरी, बेट कधी सोडायचं ही. मी इथेच तोंडावर आपटले आहे.

आपल्याकडे वादळाला नाव मिळतं ते वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला की. त्याआधी कमी दाबाचं क्षेत्र, मग डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन अशा वाढत्या जोराच्या पायऱ्या असतात. टीव्हीवाले नावाशिवाय जागे होत नाहीत, आणि प्रवासी टीव्हीवाल्यांशिवाय. पण बोटी लाटा बघून बंद करतात, नाव बघून नाही. २०१६च्या डिसेंबरात 'वरदा'चं बारसं ८ तारखेला झालं. त्याच्या आदल्या दिवशीच हॅवलॉक आणि शेजारच्या नील बेटावर शेकडो पर्यटक अडकलेले होते. त्यात माझे अकरा.

४ तारखेच्या संध्याकाळी जेट्टीवरचा ओळखीचा माणूस म्हणाला होता, "दीदी, कल सुबह की बोट पकड लो." मी हॉटेलवर येऊन सांगितलं. गटातले एक काका आभाळाकडे बोट दाखवून म्हणाले, "ताई, चांदण्या बघा किती पडल्यात! वादळ कसलं घेऊन बसलात?" दोघांनी स्कूबाचे पैसे भरलेले, त्यांचे चेहरे पडले. मी विरघळले. पुढे नुसता पाऊस, वीज नाही, फोन नाही. तिसऱ्या दिवशी एक काकू नेलकटरच्या पात्याने रक्तदाबाची गोळी अर्धी करत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी ती मुठीत लपवली. नौदलाची जहाजं आली, तर समुद्र इतका खवळलेला की त्यांनाही बंदराबाहेर थांबावं लागलं. आम्ही सुटलो ते ९ तारखेला.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. रोज संध्याकाळी हवामान खात्याचं अंदमान-निकोबारचं पत्रक उघडायचं. त्यात दोनच गोष्टी शोधायच्या: अंदमान समुद्रात किंवा आग्नेय बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र आहे का, आणि मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा आहे का. दोन्ही असतील तर दुसऱ्या दिवशी पहिली मिळेल ती बोट धरून पोर्ट ब्लेअर, आताचं श्री विजयपुरम, गाठायचं. मतदान घ्यायचं नाही. मोबाइलच्या ॲपमधलं ढगाचं चित्र बघायचं नाही, ते पावसाचं असतं. बोट अडते वाऱ्याने आणि लाटेने. लाट तर लांबच्या वाऱ्याचीही येते, डोक्यावर लख्ख ऊन असताना.

यावर तीन उत्तरं हमखास येतात. "हॉटेलवाला म्हणाला काही होत नाही." खोली रिकामी झाली तर नुकसान त्याचंच ना? "उद्या दुपारपर्यंत बघू." तोपर्यंत तिकिटाच्या खिडकीवर तुमच्या पुढे दोनशे माणसं असतील. "पैसे परत मिळणार नाहीत." नाही मिळणार, मग? मी स्वतः दोनदा उगीच पळून आले आहे, वादळ भलतीकडेच गेलं. लोकांनी तोंडं वाकडी केली. पण पोर्ट ब्लेअरला विमानतळ आहे, मोठं रुग्णालय आहे, आणि सेल्युलर जेल छत्री घेऊनही बघता येतं.

बोटीच्या तासभर आधी उलटीची गोळी घ्या.

एवढं करूनही बोट चुकली, तर खाजगी डोंगीवाल्याच्या, म्हणजे छोट्या होडीवाल्याच्या, नादी लागू नका. कुणीतरी हळूच येऊन "पोचवतो" म्हणतो. मी अशा माणसाला आमच्या लोकांसमोर हाकललं आहे आणि पुन्हा हाकलेन. हॉटेलात पक्क्या स्लॅबची खोली मागून घ्या. नारळाखालची आणि समुद्री महुआच्या जुन्या झाडांखालची कॉटेजं सोडा. काळापत्थरच्या किनाऱ्यावर लाटांचे व्हिडिओ काढायला जाऊ नका. 'सुनामी येणार का' असं दर वेळी कुणीतरी विचारतं. नाही, ती भूकंपाने येते. जेट्टीवर किंवा पोलिसांकडे आपली नावं नोंदवा आणि विमानाचं तिकीट कागदावर जवळ ठेवा. नेटवर्क गेलं की मोबाइलमधलं तिकीट कुणाला दाखवणार?

सुटका झाल्यावर लोक एक चूक करतात. अंदमानवरून गेलेलं वादळ संपलेलं नसतं, ते तुमच्याच परतीच्या वाटेवर निघालेलं असतं. वरदा १२ डिसेंबरला चेन्नईवर धडकलं आणि तिथला विमानतळ बंद झाला. आमच्यातल्या चौघांनी चेन्नईमार्गे मुंबईचं तिकीट धरलेलं, ते पुन्हा लटकले. म्हणून विमान कंपनीला फोन करण्याआधी वादळाचा रोख बघा. तमिळनाडू किंवा दक्षिण आंध्रकडे असेल तर कोलकात्यामार्गे जागा मागा, ओडिशा-बंगालकडे असेल तर चेन्नईमार्गे. आणि हे काउंटरवरच्या माणसाने सुचवायची वाट बघू नका, तुम्हीच मागा.