ट्रिम लावूनही न जाणारी स्पेस
मंडळाच्या दिवाळी अंकाची पत्त्यांची यादी तिघांनी तीन तऱ्हांनी भरलेली. एकच काका तीनदा, म्हणजे एका घरी तीन अंक! डुप्लिकेट काढायला गेलो तर एक्सेलला ‘कुलकर्णी’ आणि शेवटी स्पेस असलेले ‘कुलकर्णी’ वेगळे वाटत होते. ट्रिम (पुढच्या-मागच्या जादा स्पेस काढणारं एक्सेलचं फंक्शन) लावलं, तरी काही स्पेस ढिम्म हलेनात. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं, वेबपानावरून कॉपी करताना आलेली स्पेस वेगळी असते, कॅरेक्टर १६०, म्हणजे दिसायला तशीच पण संगणकाच्या लेखी निराळ्या क्रमांकाची. ट्रिम तिला हात लावत नाही. मग सब्स्टिट्यूट फंक्शनने तिच्या जागी साधी स्पेस घातली आणि पुन्हा ट्रिम चालवलं. झालं काम. पिनकोडमधल्या स्पेसही काढल्या (‘४११ ०३०’ लिहिणारे बरेच निघाले), लेन (अक्षरं मोजणारं फंक्शन) वापरून ६ आकडी नसलेले बाजूला काढले. नावांसाठी ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या प्रोग्रामचं क्लस्टरिंग (सारख्या दिसणाऱ्या नावांचे गट करणं) झकास, पण डोळे मिटून मर्ज (गट एक करायचं बटण) दाबलं की बापलेक एक होतात. आमच्याकडे झालेच.